शेऱ्याचा रकाना

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला शेजार लाभतो तो घरभाड्याच्या हिशेबाने. भाडे परवडावे, नळाला पाणी यावे आणि कचेरीत वेळेवर पोहोचता यावे, एवढ्या तीन अटी जुळल्या की आपण खोली पत्करतो. शेजारी कोण राहते, हा चौथा प्रश्न त्या वेळी सुचत नाही. माझ्या बाबतीत त्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर एका ट्रंपेटने दिले.

कोहक्यात बिऱ्हाड केल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, दोन घरे पलीकडून काहीतरी विलक्षण कानी आले. फोडणी तडतडावी तशी खरखर, आणि तिच्यातून वर वर चढत जाणारा एक पितळी सूर. या बाजूला रविवारी सकाळी ऐकू यावयाचे ते मंदिरातले भजन, भाजीवाल्याची हाळी, किंवा लग्नसराई असली तर बँड. वाद्ये बँडचीच वाटत होती; परंतु बँडवाले ज्या निष्ठेने चालीला चिकटून राहतात ती निष्ठा येथे नव्हती. चाल सोडायची, लांबून तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि अगदी शेवटच्या क्षणी समेवर येऊन उभे राहायचे, असा तो प्रकार होता. मी फाटकापाशी रेंगाळलो. आतून आवाज आला, "या, उघडंच आहे. चप्पल काढू नका, ग्रीस सांडलंय." तो आवाज मराठी होता, आणि तोही गिरगावातला.

कोहका हे गाव ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. भिलाईच्या पोलाद कारखान्याची आखीव वसाहत, तिचे सेक्टर, तिची झाडे, हे सारे मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दक्षिणेला. उत्तरेला ग्रेट ईस्टर्न रोड, त्याला लागून सुपेल्याचा बाजार आणि त्याच्या पाठीमागे कोहका. मूळचे ते खेडे. आता महानगरपालिकेत आले आहे. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याला कंपनीचे क्वार्टर सोडावे लागते. गावी परत जावे तर तेथे कोणी उरलेले नसते, आणि मुले भिलाईतच वाढलेली असतात; म्हणून पुष्कळांनी रुळांच्या या बाजूला लहानशी घरे बांधली. त्यामुळे एकाच गल्लीत तेलुगू, बंगाली, पंजाबी, मल्याळी अशी मंडळी राहतात, आणि सर्वांची मिळून एक हिंदी तयार झाली आहे, जिच्यात लिंगविचार फारसा कोणी करीत नाही.

आमच्या काकांचे (सारी गल्लीच त्यांना काका म्हणते) बालपण धोबी तलावाच्या आसपास गेले. त्या भागात गोव्यातील एकेका गावाची 'कूड' असे. बोटीवरचे खलाशी, आचारी, वादक मुंबईत उतरले की आपापल्या गावाच्या कुडीत पथारी टाकीत. शाळेतून येता-जाता खिडकीतून सरावाचे सूर ऐकू यायचे, एवढीच काकांची संगीतदीक्षा. पुढे डिप्लोमा घेऊन १९६५ साली ते भिलाईस आले आणि निवृत्तीपर्यंत रूळ लाटण्याच्या मिलमध्ये राहिले. दुसरे दादा. ते कलकत्त्याचे, दमदमकडचे. कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. तिसरा मिस्त्री. सुपेल्याच्या वाटेवर लिंबाखाली त्याची टपरी आहे, आणि काकांची मोटार बावीस वर्षे त्याच्याच हातून चालत आली आहे. तो दर रविवारी येतो. मोटारीला दर रविवारी काही झालेलेच असते असे नाही. तथापि काही होणार आहे याबद्दल तिघांचेही एकमत असते.

मोटारीची जात मी मुद्दामच सांगत नाही. त्या वयात कोणत्याही मोटारीचे हेच झाले असते, आणि काही झाले तरी कारखानदाराची बदनामी करण्याइतकी ती आमच्याशी वाईट वागलेली नाही. पोर्चमध्ये मोटार, पोर्चला लागून खोलीची खिडकी, खिडकीत ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र आणि भोवती आम्ही चौघे. अशी तीन वर्षे चालली आहेत.

जॅझ हा शब्द ऐकताच आपल्या मंडळींच्या कपाळावर एक बारीक आठी उमटते, हे मला ठाऊक आहे. परमुलखातले आपले सांस्कृतिक जीवन म्हणजे गणेशोत्सव, नाट्यसंगीत आणि कोजागिरी. त्यात हे परके वादन कोठून आले? काकांपाशी या प्रश्नाचे उत्तर तयार असते, आणि ते उत्तर म्हणजे एक तबकडी: १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटाची.

तिचे संगीत सी. रामचंद्रांचे. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म पुणतांब्याचा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. नायक आणि दिग्दर्शक भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, जन्म अमरावतीचा. आणि पडद्यावर आपला ताफा घेऊन प्रत्यक्ष दिसणारा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट. त्याचे खरे नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ, जन्म १९१६, गोव्यातल्या हळदोण्याचा. लुई आर्मस्ट्राँगची वाजविण्याची तऱ्हा त्याने इतकी आत्मसात केली होती की मुंबईत त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. "आता सांग, यात परका कोण?" असे काका विचारतात, आणि मी गप्प बसतो, कारण या प्रश्नाला खरोखरच उत्तर नाही. पुणतांबे, अमरावती आणि हळदोणे ही तीन गावे एका तबकडीत आली, आणि त्यांना जोडणारा धागा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिअन्समध्ये कातलेला होता, एवढेच म्हणता येईल.

हा धागा मुंबईस कसा आला, ती हकीकत रंजक आहे. १९३५ साली लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक अमेरिकन निग्रो वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. (निग्रो हा त्या काळचा शब्द, आज तो वापरीत नाहीत.) त्याच्या मागोमाग आणखी काहीजण आले. त्यांत टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक होता. अमेरिकेत जे हॉटेल त्यांना दारातही उभे करीत नसे, तसल्या हॉटेलात येथे त्यांना मानाची जागा मिळाली. त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या शेजारी बसून वाजविणारे होते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अंमलात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळे कागदावरची सुरावट वाचून वाजविणारा माणूस मुंबईत हवा असला की गोव्याकडे पाहावे लागे. रात्री हॉटेलात नृत्यसंगीत आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणशाळेत काम, असा पुष्कळांचा दिनक्रम झाला.

वेदरफर्डचे नाव निघाले की दादा सावरून बसतात. कारण युद्धाच्या काळात तो मुंबई सोडून कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला आणि १९४५ साली पटकीने तेथेच वारला. म्हणजे तो कलकत्त्याचा, असा दादांचा हिशेब. मुंबईहून कलकत्त्यास जाताना तो नागपूरमार्गे गेला असला, तर दुर्ग स्टेशन त्याने ओलांडलेच असले पाहिजे, आणि त्या अर्थी भिलाईचाही त्याच्यावर थोडा हक्क पोहोचतो, अशी तडजोड मी एकदा सुचविली. तेव्हा भिलाईचा कारखानाच नव्हता, असे म्हणून दोघांनीही ती फेटाळली. त्यांना तडजोड नकोच असते.

'अलबेला'ची ती तबकडी हाती घेऊन मी एकदा तिचे लेबल वाचले. चित्रपटाचे नाव, गायकांची नावे, संगीत-दिग्दर्शकाचे नाव. ट्रंपेट कोणाचे, क्लॅरिनेट कोणाचे, सुरांचे ताट कोणी वाढले, याचा कोठे उल्लेख नाही. त्या एकाच लेबलाचा हा दोष नव्हे. त्या काळच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर तशी रीतच नव्हती. चिक चॉकलेटचे नाव संगीतकार म्हणून क्वचित झळकले, उदाहरणार्थ १९५१ च्याच 'नादान' चित्रपटात. परंतु ज्या शेकडो गाण्यांत असे वादक वाजले, ज्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझांसारख्यांनी कागदावर उतरवून दिली, त्यांच्या कागदावर त्यांचे नाव नाही. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्व्हिसांचे नाव देशभर झाले, तेही त्यांच्या शिष्यामुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी, आणि १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचे नाव आले. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ते खऱ्या माणसाचे नाव आहे हे कळले असेल? या गोन्साल्व्हिसांनी १९५८ साली मुंबईत हिंदी आणि पाश्चात्त्य वाद्यांचा मोठा मेळ उभा केला होता. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. तो फार दिवस टिकला नाही.

हे ऐकताना मला माझ्या टेबलाची आठवण झाली, हे मी लपवीत नाही. केंद्र सरकारच्या कोणत्याही कचेरीतला कारकून जाणतो की टिपणी लिहितो एक आणि सही होते दुसऱ्याची. मसुदा तयार करावा, जुने संदर्भ शोधून डकवावेत, वाक्य असे बसवावे की पुढच्या लेखापरीक्षकाला बोट ठेवता येऊ नये, आणि समासात दोन अक्षरांची आद्याक्षरी करून फाइल वर पाठवावी. पत्र जाते ते 'आदेशान्वये'. यात अन्याय झाला असे मी म्हणत नाही. सही करणाऱ्याची जबाबदारीही मोठी असते, आणि सी. रामचंद्रांची सही ज्या गाण्याखाली आहे ते गाणे त्यांचेच आहे. परंतु समासातली ती दोन अक्षरे कोणाची होती, हे वीस वर्षांनी ओळखणारा कोणी असावा, अशी इच्छा होते. हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती झाली असेल.

अमेरिकेतही हेच होते, असे दादांकडून कळले. ड्यूक एलिंग्टनची ओळखधून झालेली 'टेक द ए ट्रेन', १९४१ साली ध्वनिमुद्रित झालेली, ही वस्तुतः बिली स्ट्रेहॉर्नची रचना. हा स्ट्रेहॉर्न जवळजवळ तीस वर्षे एलिंग्टनच्या मागे उभा राहून लिहीत होता. कोठली जुळवणी कोणाची हे जाणकारांनाही सांगता येत नसे. १९६३ साली अमेरिकी परराष्ट्र खात्याने एलिंग्टनला पूर्वेच्या दौऱ्यावर पाठविले, आणि स्ट्रेहॉर्न अर्थातच बरोबर होता. (सरकारी दौरा म्हटल्यावर माझ्या मनात प्रथम प्रवासभत्त्याचा विचार आला, सवय वाईट.) दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला. त्या दौऱ्याच्या आठवणींवर पुढे 'फार ईस्ट स्वीट' ही रचनामालिका झाली. तिच्यात दिल्लीच्या एका मैनेवर एक तुकडा आहे, आणि क्लॅरिनेट त्यात मैनेसारखे बोलते. या मालिकेवर मात्र दोघांचीही नावे आहेत. १९६७ साली ती बाजारात आली, त्याच साली स्ट्रेहॉर्न वारला. आणि चिक चॉकलेटही त्याच साली. दादांनी हे सांगितले तेव्हा काका उठून आत गेले आणि चहा घेऊन आले. चहाची कोणी मागणी केली नव्हती.

एवढे बोलून झाले की मोटारीकडे वळावे लागते, कारण मिस्त्री ताटकळलेला असतो. छत्तीसगढच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, आणि जुन्या मोटारीच्या पेट्रोल-पंपात इंधनाची वाफ होते. पंप वाफ ओढीत राहतो, कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही, आणि मोटार जेथे असेल तेथे ध्यानस्थ होते. उपाय एकच: पंपावर ओला फडका टाकायचा आणि थांबायचे. या थांबण्यात आम्ही जेवढे बोललो तेवढे पोर्चमध्येही बोललो नसू. सुपेल्याच्या भाजीबाजारासमोर, दोन्ही बाजूंनी रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, एकजण फडक्यावर पाणी शिंपडीत आहे आणि दुसरा सोनी रॉलिन्स १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त मुंबईच्या रंगभवनात कसा उभा होता ते सांगतो आहे, असे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. त्या यात्रेसाठी काका भिलाईहून रजा काढून गेले होते. रजेच्या अर्जात कारण लिहिले होते, 'घरगुती'. ते खोटे होते असे त्यांना आजही वाटत नाही.

मोटारींच्या इतिहासावर काका आणि दादा यांचे कायमचे वाकडे. दादा म्हणतात, अँबॅसडर उत्तरपाड्याची, तबकड्या दमदमच्या. म्हणजे काकांच्या पोर्चमधली अर्धी संस्कृती कलकत्त्याने पुरविली. काका म्हणतात, मुंबईच्या टॅक्स्या कुर्ल्याच्या फियाटनी चालविल्या, आणि टॅक्सी नसती तर रात्री दोन वाजता वादक घरी कसे गेले असते? आता दोन्ही बाजूंचे दावे इतिहासजमा आहेत. उत्तरपाड्यात अँबॅसडर तयार होणे २०१४ साली थांबले. कुर्ल्याची पद्मिनी त्याच्या बरीच आधी गेली, आणि मुंबईच्या रस्त्यावरची तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली. परंतु वादाला काही बाधा आलेली नाही. भगवानदादांचे नाव निघाले की दोघे एक होतात. 'अलबेला'च्या यशानंतर त्या माणसापाशी आठवड्याच्या सात वारांसाठी सात मोटारी होत्या, असे सांगतात. पुढचे चित्रपट पडले, मोटारी गेल्या, जुहूचा बंगला गेला, आणि शेवट दादरच्या चाळीत झाला. "सातही चालू असायच्या का पण?" असा प्रश्न काकांनी एकदा विचारला. तो विचारताना त्यांचा स्वर अगदी गंभीर होता.

मिस्त्रीचा मात्र या वादात पक्ष नाही. तो छत्तीसगढी माणूस. जॅझ हा शब्द त्याच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. "का होगे, बाबूजी?" म्हणत येतो, बॉनेट उघडतो आणि कान लावतो. इंजिनाचा एखादा ठोका चुकत असला तर त्याला ते लोक 'मिसिंग' म्हणतात. प्लग, पॉइंट की टायमिंग, हे मिस्त्री आवाजावरून सांगतो. एकदा त्याचे डोके बॉनेटखाली असताना खिडकीत एक तबकडी चालू होती, आणि तिच्यात ढोलवादक हटकून जेथे ठोका पडावा तेथे तो न टाकता किंचित अलीकडे किंवा पलीकडे टाकीत होता. मिस्त्रीने मान वर केली, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाला, "इसमें भी मिसिंग है. पर जान-बूझ के है." मी जॅझवर पुस्तके वाचलेली आहेत; 'सिंकोपेशन'ची इतकी नेमकी व्याख्या मला त्यांत आढळली नाही. दादांनी ती वहीत उतरवून घेतली.

त्याच मिस्त्रीने आणखी एक गोष्ट उघड केली. दादांनी कलकत्त्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवरून एक जुनी तबकडी मागविली होती. ती वाटेत दुभंगून आली. तुकडे टेबलावर पडले होते. मिस्त्रीने एक उचलला, कडेला काडी धरली, वास घेतला आणि म्हणाला, "ये तो लाख है." त्याच्या आईच्या बांगड्या लाखेच्या असत, त्याच्या गावाकडे पळसाच्या (ते 'परसा' म्हणतात), कुसुमाच्या आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे सोडतात आणि पीक खरवडून विकतात. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू असत, आणि त्यांना बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे लाख. ती मुख्यतः हिंदुस्थानच्या जंगलांतून जाई. छोटा नागपूर आणि छत्तीसगढ हा तिचा मुलूख. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले तेव्हा अमेरिकेने १९४२ च्या एप्रिलमध्ये तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेचा वापर ७० टक्क्यांनी घटविला, आणि लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्या वितळवून नव्या काढाव्या लागल्या. न जाणो किती उत्तम वादन त्या कढईत गेले असेल! आर्मस्ट्राँगचा सूर ज्या खाचेत बसला ती खाच इकडच्या रानातल्या डिंकावर कोरलेली होती, हे कळल्यापासून काका त्या खरखरीबद्दल तक्रार करीत नाहीत.

आता जे लिहावयाचे आहे ते थोडक्यात लिहितो. काकू जाऊन दोन वर्षे झाली. मुलगा पुण्यास असतो. नवव्या मजल्यावर घर आहे. काकांनी आता एकट्याने राहू नये असे त्याला वाटते, आणि त्याचे म्हणणे चूक नाही. कोहक्याचे घर विकावयाचे ठरले. मोटारीची नोंदणी संपत आली होती. पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीला दर पाच वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून तिचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले. पुढे जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढले. काकांनी अर्ज मागविला, वाचला, आणि घडी करून ठेवून दिला.

तबकड्या मात्र तीनशे बारा. दहा इंची एक तबकडी सुमारे दोनशे ग्रॅम भरते, म्हणजे पाच ठेवल्या की किलो. रायपूरचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन पाहून गेला. त्याने फक्त लेबले पाहिली, वाजवून एकही पाहिली नाही. तो गेल्यावर काका मला म्हणाले, "तुझं काम आहे हे. यादी कर. सरकारी पद्धतीची." मी लांब नोंदवही आणली आणि रकाने पाडले: अनुक्रमांक, कंपनी व क्रमांक, पहिली बाजू, दुसरी बाजू, स्थिती. शेवटी सवयीने 'शेरा'. काकांनी विचारले, "शेऱ्यात काय लिहितात?" मी म्हणालो, "जे इतर रकान्यांत बसत नाही ते."

तेव्हापासून आमचे रविवार त्या रकान्यात चालले आहेत. एक तबकडी लावायची, दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि लेबलावर नसलेली नावे आठवायची. ट्रंपेट चिक चॉकलेट, याबद्दल एकमत झाले की लिहायचे. मतभेद झाला तर दोन्ही नावे, आणि पुढे कोणाचे मत कोणते ते. सॅक्सोफोन मनोहारी सिंग असावेत असे दादा एका ठिकाणी शपथेवर सांगतात. काकांना सुरुवातीची फुंक वेगळी वाटते. दादा चिडले की बंगालीत बोलतात, तेही मी शेऱ्यात घेतो. एका तबकडीच्या कागदी पाकिटावर काकूंच्या हातचा दुधाचा हिशेब निघाला: मार्च, एकोणतीस दिवस, दोन खाडे. साल नव्हते. हे कोठे लिहायचे असे मी विचारले. काकांनी पाकीट बराच वेळ हातात धरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेऱ्यातच. दोन खाडे म्हणजे आम्ही नागपूरला गेलो होतो, तेही लिही." दादांनी त्या दिवशी वाद घातला नाही.

यादी एकशे चाळिसापर्यंत आली आहे. तबकड्या दादांच्या घरी जातील, नोंदवही त्यांच्याबरोबर जाईल. दादाही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, हे कोणी बोलत नाही. माझी तीन वर्षे येत्या मे महिन्यात भरतात. बदलीवरच्या माणसाने साठ किलो लाख बाळगू नये, हे मलाही समजते.

मोटार मिस्त्री नेणार आहे. भंगारात घालायला नेतो आहेस का, असे काकांनी त्याला विचारले, तेव्हा त्याने फक्त बॉनेट पुसले. रस्त्यावर ती आता चालविता येणार नाही. परंतु इंजिन त्याला टपरीत ठेवावयाचे आहे, नव्या पोरांना आवाज शिकविण्यासाठी. त्याच रविवारी काका म्हणाले की नोंदवहीच्या शेवटच्या पानावर मोटारीचीही नोंद कर. मी केली: नोंदणी क्रमांक, साल, स्थिती. शेऱ्यात मिस्त्रीचे नाव लिहायचे, तर आम्हां तिघांपैकी कोणालाच ते पुरते ठाऊक नव्हते. बावीस वर्षे तो मिस्त्रीच होता. मी त्याला विचारले. त्याने हात पुसले, गावाचे नाव, वडिलांचे नाव आणि स्वतःचे नाव, असे क्रमाने सांगितले, आणि मी लिहीत असताना अक्षरांवर लक्ष ठेवून उभा राहिला. मासिकात छापू का म्हटल्यावर मात्र नको म्हणाला. म्हणून ते तेवढ्या वहीतच आहे.